पाटावरचा पंखा

लॉरीचं पाणी उकळायला लागलं की आधी वास येतो, गंजाचा आणि तापल्या लोखंडाचा. मग रेडिएटरच्या बुचाखालून सुरसुर सुरू होते. तो आवाज मला अजून कुठंही गाठतो. चुलीवर आधण चढलं तरी लिहिता हात थांबतो, आणि मी नळदुर्गच्या अलीकडच्या त्या चढणीवर, भर उन्हात, लॉरीच्या तोंडाशी उभा असतो.

निजामी राजवटीतला तो शेवटचा दसरा. शेवटचा होता हे आज कळतं. तेव्हा रझाकारांच्या घोषणा गावागावांतून फिरत होत्या आणि ही रात्र संपणार आहे असं छातीवर हात ठेवून कुणी सांगत नव्हतं. माझे मामा मात्र सांगत. वडील गेल्यावर मी त्यांच्याकडेच वाढलो, लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात. शाळा उर्दू होती. मराठी अक्षरं मी मामांनी सोलापुराहून चोरून मागवलेल्या पत्रकांवरून गिरवली. इतर मुलं कमळातला क शिकतात, मी जुलमातला ज आधी शिकलो. त्याचा मला अभिमान आहे.

ती पत्रकं यायची आमच्याच गल्लीतल्या एका लिंगायत व्यापाऱ्याच्या लॉरीतून. लॉरी कसली, मागं फळ्या ठोकलेली जुनी छोटी गाडी. घरातला थोरला मुलगा ती चालवायचा. त्याला सगळे अण्णा म्हणत आणि त्याच्या आईला सगळी गल्ली अव्वा म्हणे. अण्णा सोलापूरला कापूस, शेंगा न्यायचा, येताना पेंडीच्या पोत्यांखाली आमचा कागद आणायचा.

महायुद्धाच्या काळात गाडीचे सुटे भाग मिळत नव्हते. रेडिएटरमागच्या पंख्याचा पट्टा तुटला तेव्हा गावातल्या चांभारानं कातड्याचा शिवून दिला होता. अण्णा म्हणायचा, सपाट रस्त्याला गाडी पळाली की समोरचा वाराच पाणी थंड ठेवतो. चढणीला गाडी रांगते, इंजिन जोर करतं, आणि वारा नसतो. तिथं पंखाच वाचवतो.

खंडेनवमीला आमच्याकडं पोट भरणारं प्रत्येक हत्यार पाटावर बसतं. कुणाचा विळा, कुणाची करवत, कुणाचा तराजू. दसरा उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. लॉरी काही पाटावर मावत नाही. म्हणून अण्णा दर वर्षी तिचा पंखा सोडवायचा, तेलानं पुसायचा, आणि अव्वा त्याच्या चारी पात्यांवर विभूतीची बोटं ओढून पाटावर मांडायच्या. अख्ख्या गाडीत तेवढंच एक हत्यारासारखं दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

त्याच नवमीच्या सकाळी मामांचं पोट फळीसारखं कडक झालं. आदल्या दिवसापासून दुखत होतं, पण ते अंगावर काढत होते. वैद्यांनी उजव्या कुशीला बोट टेकवलं आणि मामा किंचाळले. वैद्य म्हणाले, हे काढ्याचं काम नाही, सोलापूरला न्या, पोट चिरावं लागेल. आमच्या सबंध मुलखात लष्कराला गाड्या होत्या, वसुलीला घोडे होते, आणि माणसाचं पोट चिरून शिवणारा डॉक्टर सरहद्दीपलीकडं होता. हे मी विसरणार नाही आणि कुणाला विसरू देणार नाही.

मामांना बाजेवर घालून आम्ही अण्णाच्या अंगणात आणलं. घरातल्या बायका मठात गेल्या होत्या, अव्वाही. ओसरीवर पाट, पाटावर पंखा, पुढं समई. अण्णा पंख्याकडं बघत उभा राहिला. मी सरळ उचलायला वाकलो.

"हात लावू नको," मामा म्हणाले.

मी वाद घातला. तुम्हीच शिकवलंत, माणूस आधी. पण मामांच्या मनात वेगळंच होतं. आदल्या वर्षी शेजारच्या गावात सभेत बोलताना ते शेंदूर लावलेल्या दगडाला टेकून बसले होते, वर त्याची थट्टाही केली होती. ते गाव पुन्हा सभेला आलं नाही. तेव्हापासून ते बजावत, आपलं भांडण सुलतानाशी आहे, लोकांच्या देव्हाऱ्याशी नाही.

अण्णानं विचारलं, मठातून अव्वाला बोलावून आणू का. मामांनी डोळे मिटूनच नकाराची मान हलवली.

"विचारलं तर माउली नाही कशी म्हणेल? आणि हो म्हणून जन्मभर झुरत बसेल. चला अण्णा, वाऱ्यावर जाऊ."

अण्णानं हँडल मारलं. आम्ही पंख्याशिवाय निघालो.

सपाटीला खरंच काही झालं नाही. गाडी पळत होती, मामा कण्हत होते, मी त्यांचं डोकं मांडीवर धरलं होतं. चढण लागली आणि तो वास आला. थोड्याच वेळात बुचाच्या बाजूनं पांढरी वाफ उसळली आणि अण्णानं गाडी थांबवली. गार पाणी लगेच ओतता येत नाही, तापलेलं इंजिन तडकतं. ते निवेपर्यंत बसून राहायचं. झाड नव्हतं. मी पंच्यानं कधी मामांना वारा घालायचो, कधी वेड्यासारखा रेडिएटरला.

आणि तिथं मामांचं दुखणं एकदम थांबलं. चेहरा मोकळा झाला. ते म्हणाले, "अण्णा, तुमच्या गाडीला माझ्यापेक्षा जास्त ताप दिसतो." आम्ही तिघंही हसलो. मला वाटलं, संकट टळलं. पोटातलं सुजलेलं आतडं आतल्या आत फुटलं की कळ अशीच थांबते, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं.

शेजारच्या मळ्यातून घागर आणून पाणी भरलं, निघालो, पुढच्या चढाला पुन्हा तेच. पुन्हा वाफ, पुन्हा थांबणं. नंतर नंतर मामा बोलेनासे झाले. सोलापूरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि एवढंच विचारलं, दुपारी का नाही आणलं?

दसऱ्याच्या सकाळी मामा गेले.

तेराव्यानंतर अव्वा आमच्या घरी आल्या. मागं अण्णा, खाली मान घालून. त्याच्याकडून त्यांना सगळं नुकतंच कळलं होतं. पाणी दिलं ते त्यांनी बाजूला ठेवलं. मी तयारीत होतो. त्या रडल्या तर काय बोलायचं, देवाची इच्छा म्हणाल्या तर काय ऐकवायचं, सगळं मनात जुळवलेलं होतं. त्या रडल्या नाहीत.

"मला कोन इचारलं?" त्या म्हणाल्या.

मी सांगू लागलो, मामांना तुमची पूजा मोडायची नव्हती, अव्वा. त्यांनी हातानं थांबवलं.

"मठ काय लांब हुता? हाक मारली असती तर पळत आले असते. म्याच उचलून दिला असता पंखा. पाटावर इळी मांडली असती त्याच्या जागी. तिनं बी पोटच भरतंय की."

अण्णा भिंतीकडं तोंड करून उभा होता. माझ्याजवळ सुलतानाविरुद्ध शब्द होते, पुजाऱ्यांविरुद्ध होते, अडाणीपणाविरुद्ध तर पानंच्या पानं होती. त्यातला एकही अव्वांना लागू पडत नव्हता. आम्ही दोघं-तिघं शहाणे अंगणात उभे राहून त्यांच्या मनात काय आहे ते परस्पर ठरवून मोकळे झालो होतो, आणि त्याला आदर म्हणालो होतो.

"लोकासाठी लिवता म्हनं तुमी," त्या म्हणाल्या. "लोकाला इचारता का कधी?"

मग भिंतीचा आधार घेऊन त्या उठल्या. मी हात द्यायला पुढं झालो.

"ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "मला वाट ठाव हाय."