नानांच्या समोरची जागा

लहानपणीचे किस्से कमी होत नाहीत. तेच तेच सांगूनही त्यातून नवे निघत राहतात. मी, सुरेश आणि वसंता रविवारी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जमतो. तिघंही एकाच भजनी मंडळात वाढलेले. मंडळ वसंताच्या वडिलांचं, अण्णांचं.

थंडीत खंजिरीचं कातडं ढिलं पडायचं. ते शेकायचं काम सुरेशकडे. एकदा त्यानं ती जाळावर जास्त धरली आणि कातडं फाटलं. अण्णा एवढंच म्हणाले, "आज टाळ्याईवर म्हणू." सुरेश आता मौद्याच्या वीज केंद्रात शिफ्ट सांभाळतो. म्हणतो, "हाताखालच्या पोट्ट्याईच्या हातून काही बिघडलं का मले अण्णा आठवते. तोंडातली शिवी गिळतो मंग."

माझा आवाज फाटका. पण अण्णा मला ध्रुवपदाला नेहमी मधोमध बसवायचे. केवढा मान वाटायचा मला! चाळिशीत जुनी कॅसेट सापडली, ऐकली; माझा आवाज कुठंच ऐकू येईना. तेव्हा लक्षात आलं, माझ्या दोन्ही बाजूंना सगळ्यात मोठ्या आवाजाची माणसं होती.

खरा गळा वसंताचा. तरी अण्णांनी त्याला एकही भजन एकट्यानं म्हणू दिलं नाही. हातात टाळ द्यायचे आणि खंजिरीवाल्या नानांच्या बरोबर समोर बसवायचे. दहा वर्षं तेच. पुण्याला नोकरी लागली तसा तो मंडळ सोडून गेला, गाणंही सोडलं. परत नागपुरात आला, पण वडिलांशी कामापुरतंच बोलायचा. "बापानं माहा गळा दाबला गा," हे आम्ही किती रविवार ऐकलं असेल.

मागच्या महिन्यात नाना गेले. आम्ही पारशिवनीला त्यांच्या बायकोला, काकूंना, भेटायला गेलो. काकूंनी वसंताला जवळ बसवलं.

"तू पुण्याले गेला अन् त्याईनं खंजिरी खुंटीले टांगली. मंग काढलीच नाही."

"काहून?"

"कानानं कुठं ऐकू येत होतं त्याईले! तुह्या हाताकडे पाहून वाजवत होते. अण्णाले अन् मलेच माहीत होतं."

परतताना वसंतानं गाडी थेट अण्णांकडं नेली. अण्णा ओसरीत खुर्चीवर होते. वसंता त्यांच्यापुढं जमिनीवर बसला. आम्ही दारातच थांबलो.

"अण्णा, मी चिडून गेलो तवा तरी सांगाचं होतं. काहून नाही सांगतलं?"

अण्णांना आता शब्द जुळवायला वेळ लागतो.

"सांगतलं असतं," ते म्हणाले, "तर तू गेला नसता."