बाबांचा चांगला माल, माझे उपाशी जंतू

भाजीवाल्याने पिशवी दिली की आमचे बाबा आधी ती दोन बोटांत चोळून बघायचे. मग त्याच्या तोंडावर सांगायचे, "हा आमचा माल नाही." भाजीवाल्याला काय त्याचं! पण बाबांनी बडोद्याजवळच्या एका कारखान्यात प्लास्टिकचे दाणे बनवण्यात हयात घालवली होती. त्या दाण्यांच्या पिशव्यांतून दूध घरोघरी जायचं. आई त्या पिशव्या धुऊन ओट्यामागच्या टाइल्सना चिकटवायची आणि बाबा त्यांच्याकडे कौतुकाने बघत चहा प्यायचे.

अशा माणसाच्या पोटी मी निपजले, प्लास्टिक कुजवण्यावर पीएचडी करणारी.

प्लास्टिक तसंच पुढ्यात टाकलं तर जंतू त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. राजमा भिजवल्याशिवाय शिजतो का? तसंच हे. आधी प्लास्टिक भट्टीत तापवत ठेवायचं. उष्णतेने आणि हवेने ते आतून झिजतं, ठिसूळ होतं, मग जंतूंना त्यात दात रोवता येतात. जंतूंना दात नसतात, हे आमच्या सरांनी मला दोनदा सांगितलंय.

नमुन्यासाठी मी बडोद्यातल्याच अकोट्याच्या पुलाखालचा कचरा गोळा करणार होते. बाबा भडकले. "भंगार कशाला? मी आणून देतो चांगला माल." जुन्या दोस्ताकडून त्यांनी पिशव्यांच्या प्लास्टिक फिल्मचा कोरा करकरीत रोल स्कूटरवरून आणला. आयता मिळतोय म्हणून मीही घेतला.

मग त्याच्या पट्ट्या कापा आणि तापवा. आठवडा, पंधरवडा, महिना. मधूनमधून काही पट्ट्या काढून जंतूंच्या बाटलीत सोडायच्या, वाट बघायची, वजन करायचं. वजन जैसे थे. जंतू बिचारे उपाशी मेले. सर गुजराती, बोलायला फार गोड. त्याच गोड आवाजात म्हणाले, "बेन, दिवाळी सुधी जोईए. नहीं तो विषय बदली नाख." दिवाळीपर्यंतच मुदत, आणि दिवाळीला माझी फेलोशिपही संपत होती. विषय बदलायचा म्हणजे चार वर्षांची मेहनत विश्वामित्री नदीतल्या मगरींपुढे टाकायची.

त्या दिवशी जेवताना बाबांनी विचारलं, "काय म्हणतोय आमचा माल?"

माझं डोकंच सटकलं. "मेला मरत नाही तुमचा माल! तुम्ही जन्मभर घाण करून ठेवलीत आणि आम्ही बसलोय निस्तरत!"

"जिभेला काही हाड?" आई म्हणाली. बाबा ताटात अर्धी पोळी टाकून उठले. पुढचे चार दिवस ते माझ्याशी आईमार्फत बोलत होते. मला लाज वाटत होती. पण आमच्या घरात माफी मागायची रीत नाही, फार तर "चहा टाकू का?" विचारतात.

पाचव्या दिवशी दुपारी बाबा प्रयोगशाळेत हजर. म्हणे, तू डबा विसरलीस. डबा माझ्यासमोर टेबलावर होता. ते भट्टीच्या काचेतून आत बघत राहिले.

"किती दिवस झाले?"

"महिना."

"महिना!" ते चक्क हसले. "अगं वेडे, यात राखणदार असतो. माल टिकावा म्हणून दाण्यात औषध घालतात. आधी ते संपतं, मग माल ढिला पडतो. आणि मी तुला आणून दिला सगळ्यात टिकाऊ." मग म्हणाले, "त्या औषधाची पोती आमच्या पाळीत मीच रिकामी करायचो."

हे पुस्तकातही होतं. एक ओळ. परीक्षेपुरती पाठ करून मी ती विसरले होते. पीएचडी म्हणे!

"मग आता?"

"आता काय? उरलेल्या पट्ट्या राहू दे आत. राखणदार दमेपर्यंत."

तेव्हापासून रोज चारच्या चहानंतर बाबांची स्कूटर दारात. एक पट्टी काढायची, थंड झाली की बाबा तिची घडी घालणार. ती नुसतीच वाकली की म्हणणार, "बघ!" माझी दिवाळी तोंडावर आलेली आणि हे खूश! नवरात्रात होस्टेलच्या पोरी चणिया-चोळी घालून गरब्याला निघाल्या तरी आम्ही बापलेक भट्टीपुढेच.

"बाबा, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?"

"दोन्हींच्या," ते म्हणाले.

दसरा झाल्यावर एका दुपारी पट्टी वाकली नाही. कडकन तुटली. बाबांनी तुकडा दोन बोटांत चोळला, त्याचा भुगा झाला. मग भुगा कागदावर झटकला आणि ते लवकर घरी गेले. उरलेल्या पट्ट्या मी त्याच दिवशी जंतूंच्या बाटलीत सोडल्या.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी बाटलीतल्या पट्टीवर बुळबुळीत थर धरला. वजनही उतरलं होतं. सर म्हणाले, "चालशे." माझा जीव भांड्यात पडला. मी बाबांना बोलावून सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं.

"खातायत?" एक डोळा मिटून त्यांनी विचारलं.

"खातायत."

"वहीत काय लिहिलंस? भट्टीत किती दिवस?"

मी आकडा सांगितला.

"चूक. ठेवलास तो दिवस धरला नाहीस. दुपारी ठेवला होतास ना? अर्धा दिवस होतो. तेवढाही टिकला तो. कमी लिहू नकोस."

त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. मला रडू आलं. जेवताना बोललेलं ते वाक्य मला परत घ्यायचं होतं आणि काही केल्या तोंड उघडेना. मी पेन काढलं, आकड्याच्या आधी 'साडे' घातलं आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी चष्मा लावून ओळ तपासली आणि पाळी संपताना कारखान्याच्या वहीत करायचे तशी खाली सही केली.