दवाखान्यातला टीव्ही आणि तावडेकाकूंचा गुडघा

दवाखान्यात किस्से साठतात ते विसरलेल्या छत्र्यांसारखे. माणूस औषध घेऊन जातो, मागे काहीतरी राहतं, आणि न्यायला कुणी परत येत नाही. लालबागच्या एका सरकारी दवाखान्यात मी नर्स आहे. वडाळ्याच्या खोलीत एकटीच राहते, त्यामुळे घरी जाऊन हे सांगायचं कुणाला? म्हणून तुम्हाला सांगते.

*

निवडणुकीच्या दिवसांत दोन्हीकडचे उमेदवार एकाच आठवड्यात आले. पहिला म्हणाला, आम्हाला निवडून द्या, सगळे उपचार मोफत. दुसरा म्हणाला, आम्ही मोफत देऊ आणि घरपोच देऊ. आमचे फार्मासिस्ट साटम यांनी दोघांनाही चहा पाजला. दुसरा निघाला तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, मोफत तर आत्ताही आहे. औषध कधी येणार तेवढं सांगा."

कार्यकर्त्यांनी साटमांसोबत सेल्फी काढला आणि गेले.

*

आमचे डॉक्टर फर्नांडिस गिरगावचे, कंत्राटावरचे. त्यांना दादरला एका सेमिनारला बोलावलं. विषय होता आरोग्यसेवेचं आर्थिक भवितव्य. खर्च वाढत जाणार, सरकारला सगळं झेपणार नाही, खासगी भागीदार आणावे लागतील, पण वस्तीतल्या दवाखान्यात पूर्णवेळ डॉक्टर हवाच, असं वक्ते सांगत होते. प्रश्नोत्तरं सुरू झाली तसे डॉक्टर उभे राहिले. म्हणाले, "आमच्या दवाखान्यात डॉक्टर एकच आहे. तो सकाळपासून इथे बसलाय."

टाळ्या पडल्या म्हणे.

ते परतले तेव्हा ओपीडी संपून गेली होती. बाकावर फक्त तावडेकाकू. काकूंचे यजमान गिरणीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा बदलापूरला, फोन क्वचितच उचलणारा. काकू रोज बीपी तपासायला येतात. अजून का थांबलात, असं डॉक्टरांनी विचारलं.

"तुमी एकटेच येशात, म्हणान बसलंय," काकू म्हणाल्या.

*

त्याच वर्षी डॉक्टरांचं कंत्राट वाढवलं नाही. निरोप समारंभ वगैरे काही झाला नाही. त्यांनी आपला चहाचा मग धुतला, पिशवीत टाकला आणि गेले. त्यांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही आला. आता तज्ज्ञ डॉक्टर पडद्यावरून तपासणार. नारळ फुटला, फीत कापली.

पहिल्या दिवशी काकू केसांना तेल लावून, नवं लुगडं नेसून आल्या. पडद्यावरच्या तरुण डॉक्टरांनी तक्रार विचारली. काकूंनी उलट विचारलं, जेवलात का? ते गोंधळले. मग काकूंनी गुडघ्याचं दुखणं सांगितलं, डॉक्टर प्रश्न विचारायचे थांबेपर्यंत. डॉक्टरांनी पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची दिली.

"उद्या नाय येवचा?" काकू पडद्याला म्हणाल्या. तोवर पडदा काळा झाला होता.

*

काकूंचा उजवा गुडघा खरंच कामातून गेला होता. सरकारी योजनेत ऑपरेशन मंजूर झालं, परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात. खाटेपासून औषधापर्यंत सगळं योजनेत बसत होतं. फक्त सोबत नातेवाईक हवा होता. मुलाला साटमांनी फोन लावले, मी लावले. शेवटी मीच रजा टाकली. काउंटरवर नातं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून "मुलगी" निघून गेलं. काकूंनी काही खोडून काढलं नाही. माझा हात मात्र ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत सोडला नाही.

ऑपरेशन छान झालं. वॉर्डात काकूंच्या डावीकडच्या खाटेवर साताऱ्याची बाई, उजवीकडे वसईची. तिघींचं जेवण एकत्र व्हायचं. मी भेटायला गेले की काकू मला त्या दोघींच्या सुनांच्या कागाळ्या ऐकवायच्या.

डिस्चार्जच्या दिवशी मी टॅक्सी सांगून वर गेले. राउंडवर आलेल्या सर्जनना काकू विचारत होत्या, दुसऱ्या गुडघ्याचा नंबर कधी? सर्जननी डावा गुडघा दाबून, वाकवून पाहिला. हसत म्हणाले, आजी, हा एकदम ठणठणीत आहे. याला काहीही करायची गरज नाही. आता खुशाल घरी जा.

काकूंनी एकदा साताऱ्याच्या बाईकडे पाहिलं, एकदा वसईच्या. मग लुगडं गुडघ्यावर नीट ओढून घेतलं.

"रवू दे माका आणखी थोडे दिस," त्या म्हणाल्या. "गुडघो बिघाडलोच तर मी हयच आसय."