मुद्दाम चुकण्याचे शिक्षण

मुलांना वळण लावणे सोपे, त्यांच्या आईबापांना लावणे दुरापास्त, हे ओळखून जन्मभर ते दुसरेच काम हौसेने करीत आलेली एकच व्यक्ती माझ्या पाहण्यात आहे. ती माझी धाकटी मेहुणी. हैदराबादच्या सुलतान बाजारात एका कापडदुकानाच्या माडीवर ती मराठी बालवाडी चालवीत असे. नावाला ती मुलांची शाळा होती. धाक पालकांना होता. सभेला आलेल्या बापमंडळींना ती मुलांच्याच बुटक्या खुर्च्यांवर बसवी. बँकेतले एक स्थूल गृहस्थ उठू लागले तेव्हा खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. कोणी हसण्यापूर्वी तिने विचारले, "बसायची जागा अंगाची नसली की कसं होतं, पाहिलंत ना? तुमची मुलगी जेवताना चुळबुळ करते ती याचसाठी. तिचे पाय लोंबकळतात. पायांखाली पाट द्या." त्यांनी पाट दिला, असे पुढे कळले.

लहान मूल असलेल्या कोणत्याही घरी गेली की बसण्याआधी ती गुडघ्यांवर येऊन खोलीभर रांगत असे. मुलाला घर कसे दिसते हे उभ्याने कळत नाही, असे तिचे म्हणणे. आमच्या दिवाणखान्यात ती अशी रांगत असताना माझे एक जुने वरिष्ठ आले. तिने खालूनच त्यांना नमस्कार केला आणि मेजामागची उघडी वायर आम्हा दोघांना दाखवली. मूल खेळात असेल तर त्याला एकदम उठवू नये, आधी कल्पना द्यावी, हा तिचा दुसरा नियम. तो तिने मोठ्यांनाही लावला होता. "भावजी, अजून दोन घोट चहा आहे, मग मी निघणार," असे सांगून ती खरोखर दोन घोटांनी निघे. खालचा दुकानदार जिन्यावरच्या मुलांवर दिवसभर "दौडो नक्को, चढो नक्को" असे ओरडत असे. तिने त्याला गाठले. "सेठ, बच्चों को खाली नक्को नक्को नक्को बोलो. क्या करना सो बोलो." काही दिवसांनी मी गेलो तेव्हा तो पायरीशी उभा राहून "आहिस्ता चलो बाबा, दीवार पकड के चलो" असे सांगत होता. मला पाहून म्हणाला, "मॅडम मेरेकू भी भर्ती कर लिये, साब."

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. मुलांचे संगोपन हा विषय मी पत्नीकडे सोपवला होता, आणि ती गेल्यावर तो संपला अशी माझी समजूत होती. संगणकाच्या नोकऱ्यांचे दिवस आले. पुण्यातला माझा मुलगा बायको-मुलासह हैदराबादेत आला, त्याने कुकटपल्लीला घर घेतले आणि मलाही तेथे नेले. नातू चार वर्षांचा होता. पुण्याहून आला तेव्हा तो फार बोलत असे. त्याला एका इंग्रजी शाळेत घातले, आणि शाळेने सल्ला दिला की घरीही इंग्रजीच बोला.

सल्ला निष्ठेने पाळला गेला. सूनबाईंचे इंग्रजी 'कम', 'ईट', 'स्लीप' एवढ्यावर येऊन थांबले. मुलगा ऑफिसातून येई तो रंग आणि आकडे विचारीत. माझे इंग्रजी सरकारी. त्यातून नातवाला फार तर स्मरणपत्र पाठवता आले असते. घर हळूहळू मुके झाले, आणि त्यात सर्वांत आधी मुका झाला तो नातू. शाळेत तो बोलत नव्हताच. मग घरीही बोलेनासा झाला. काही हवे असले की बोट दाखवी. डॉक्टरांनी कान आणि घसा तपासून दोन्ही उत्तम असल्याचे सांगितले. शाळेने कळवले की सहामाहीपर्यंत मूल बोलले नाही, तर त्याला ठेवता येणार नाही. सूनबाई स्वयंपाकघरात रडत. मी मेहुणीला फोन केला.

दोन बसेस बदलून ती आली. रांगली. मग भिंतीला टेकून शेंगा सोलत बसली आणि नातवाकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. तेवढ्यात माझ्या मुलाने चेंडू उचलून त्याला विचारले, "बेटा, व्हॉट कलर इज धिस?"

"तुला माहीत नाही का रे?" मेहुणीने विचारले.

"मला माहीत आहे, मावशी."

"मग त्याला कशाला विचारतोस? परीक्षा घेणाऱ्याशी कोण गप्पा मारतं?"

तिने दोन गोष्टी ठरवून दिल्या. घरात पुन्हा मराठी. आणि मुलासमोर एकाने मुद्दाम चुकायचे. चूक दिसली की मुलाला राहवत नाही. हे काम कोणी करायचे, असे मी विचारले.

"तुम्ही."

"सूनबाई का नाही?"

"तिच्या चुका तुम्ही रोजच काढता. त्याला त्याचं नवल वाटणार नाही. तुम्ही चुकलात तर मात्र वाटेल."

मी चपला उलटसुलट घालून आरामखुर्चीत बसलो. मेहुणी दारातून म्हणाली, "भावजी, चेहरा असा नको. तुम्ही चुकताय, कोणाच्या दहाव्याला आलेला नाहीत." नातवाने येऊन माझ्या चपला काढल्या, नीट घातल्या आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी सदऱ्याची बटणे चुकवली. ती त्याने एकेक करून लावून दिली. शब्द नाही. मी हे तिला फोनवर सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "हात पोचतोय तोवर तो कशाला बोलेल? जिथे त्याचा हात पोचणार नाही तिथे चुका."

भिंतीवर उंच खिळ्याला कॅलेंडर होते. त्यावर रेल्वेच्या इंजिनाचे चित्र. मी स्टुलावर चढलो आणि ते उलटे टांगले. नातू आला. त्याने बोट दाखवले. मी खिळा ठोकून घट्ट केला. त्याने माझे धोतर ओढले. मी कॅलेंडरवरची धूळ पुसली. तो मागे सरकला, त्याने वर पाहिले, आणि त्याचा घसा आधी नुसताच हलला.

"आजोबा, तसं नाही. चाकं वर गेली. गाडी पडेल."

मी कॅलेंडर सरळ केले. लगेच खाली उतरलो नाही. काही वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. खाली तो मला इंजिनाविषयी सांगत होता आणि स्वयंपाकघरात सूनबाईंनी नळ बंद केला होता.

घरी बोलू लागलेले मूल शाळेतही बोलू लागले. प्रथम मराठीत, नंतर दोन्हींत. शाळेने काही म्हटले नाही. मेहुणी भेटायला आली तेव्हा मुलगा तिच्या पाया पडला आणि म्हणाला, "मावशी, याला आता तुमच्याच बालवाडीत घालतो. रोज मी आणून सोडेन." ती खूश होईल अशी माझी अपेक्षा होती, कारण मूल इंग्रजी शाळेत नेणाऱ्या प्रत्येक पालकाशी ती वर्षानुवर्षे भांडत आली होती.

"नको," ती म्हणाली. "तो तिथे रुळलाय."

"पण तुमच्याकडे जास्त रुळेल."

"रुळेल, हौ. आणि जूनमध्ये त्याला पुन्हा नवी जागा." तिने पदराला हात पुसले. "या उन्हाळ्यात मी बालवाडी बंद करतेय. पाच मुलं उरलीत, तीही जाणार. बोलायला लागलेलं मूल असं हलवायचं नसतं."

ते तिने बसची वेळ सांगावी तसे सांगितले. नातू तिच्या मांडीवर चढून तिला शाळेतली हकीकत सांगू लागला आणि ती संपेपर्यंत मेहुणी ऐकत राहिली.

मी तिला थांब्यापर्यंत पोचवायला गेलो. थांब्यावर एक तरुण बाई रडणाऱ्या मुलीला दंडाला धरून ओढत होती. पोरीने रस्त्यावर बसकण मारली होती. तेवढ्यात मेहुणीची बस आली. तिने बसकडे पाहिले, मुलीकडे पाहिले, पिशवी माझ्या हातात दिली आणि त्या मुलीसमोर धुळीत उकिडवी बसली.

बस गेली. पुढची बरीच उशिरा होती. मी पिशवी धरून उभा राहिलो.