बॅटरी अंकलची अंगठी

बॅटरी अंकलच्या दुकानात पाय ठेवला की पहिला हुकूम सुटायचा तो अंगावरचा धातू उतरवण्याचा. ट्रकवाल्यांना ते हिंदीत सांगत, "पहले सोना उतारो, बाद में बोनट खोलो." आम्हा मराठी माणसांना त्यांच्या उत्तनच्या बोलीत, "घड्याल, आंगठी, साखली, समदा काढा. बॅटरीला सोना न् लोखंड सारखाच हाय." दाराशी खिळ्यांची रांग होती, तिच्यावर दिवसभर कुणाची ना कुणाची घड्याळं लोंबत असत. एखादा सरदारजी कडं काढणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्याच्या कड्याभोवती ते स्वतः फडकं गुंडाळून देत आणि मगच पान्हा हातात घेत.

दुकान म्हणजे वरसाव्याला घोडबंदर रस्त्याच्या कडेची पत्र्याची शेड. अंकल रोज समुद्रकाठच्या उत्तन गावाहून दोन बसगाड्या बदलून यायचे. मी तेव्हा ऑफिसातली कारकुनी सोडून एक जुनी डिझेल पिकअप घेतली होती. गिरगाव-लालबागच्या खोल्या सोडून मीरा रोडला राहायला येणाऱ्यांचं सामान वाहायचं, हा माझा धंदा. आम्ही स्वतः असेच मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कला येऊन पडलो होतो. धंद्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. अंकलनी ते पहिल्याच दिवशी ओळखलं आणि माझं नाव ठेवलं 'ऑफिस'. "काय ऑफिस, आज काय बिघडवला?" हे त्यांचं स्वागत.

माझ्या पिकअपला शेजारी शेजारी दोन बॅटऱ्या होत्या, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडलेल्या. पहिल्यांदा त्यातली एक बसली तेव्हा मी म्हटलं, एकच बदला. अंकलनी मानच हलवली. "दोनी बदला, न्हायतर दुसरीकडं जा. जुनी नवीला खाते." मी शहाणा, दुसरीकडे गेलो. चार महिन्यांत नवी बॅटरीही मेली आणि मी तोंड पाडून परत आलो. अंकल एका शब्दाने टोचून बोलले नाहीत. नवी जोडी बसवताना त्यांनी मला जवळ उभं करून शिकवलं. "काढताना काली आधी, जोडताना काली शेवटी." काळी वायर मायनसची, ती गाडीच्या बॉडीला गेलेली असते. ती सुटली की पान्हा बॉडीला कुठेही टेकला तरी ठिणगी उडत नाही. "तुमच्या गाडीला काल्या पन दोन. दोनी सोडाच्या. एक ऱ्हायली तर काढून न काढून सारखाच."

त्यांची स्वतःची अंगठी मात्र खिळ्यावर कधी दिसायची नाही. दुकानाच्या सावलीत त्यांची बायको, रोझामावशी, सुक्या बोंबलांची टोपली घेऊन बसायच्या. काम आलं की अंकल लग्नाची अंगठी काढून त्यांच्या हातावर ठेवत आणि मावशी ती आपल्या अंगठ्यात घालत. काम संपलं की अंकल ॲसिड जावं म्हणून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने हात धुऊन, दुसरीकडेच बघत, बोट पुढे करत. मावशी अंगठी परत चढवत. गिऱ्हाइकांशी बोलण्यात खंड पडायचा नाही. "रोज लगीन लागतं आमचं," मावशी मला म्हणाल्या होत्या. "कंदी कंदी दिवसातून आठ वेला." अंकल लाजून बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर ओतू लागले, तीत मुळात ते भरपूर होतं.

मावशी काविळीने गेल्या. महिनाभराने अंकलनी दुकान उघडलं. माणूस अर्धा झाला होता. सावलीत टोपली नव्हती आणि तिथे अंकल कुणाला उभंही राहू देत नव्हते.

काही दिवसांनी माझ्या दोन्ही बॅटऱ्या पुन्हा बदलायला आल्या. सकाळची वेळ, गिरगावात एका कुटुंबाने सामान खाली रस्त्यावर आणून ठेवलं होतं. मी घाईत होतो. मी माझं घड्याळ खिळ्याला अडकवलं आणि अंकलकडे पाहिलं. त्यांच्या बोटात अंगठी होती. काम सुरू करण्यापूर्वी त्यांचा दुसरा हात सवयीने अंगठीवर गेला, तिथे थांबला, मग त्यांनी पान्हा उचलला. मी पाहिलं. फडकं तरी गुंडाळा, एवढं म्हणायला काय जात होतं? पण मावशींची आठवण कशी काढायची, म्हणून गप्प बसलो. खरं सांगायचं तर घाईही होती.

त्यांनी काळी वायर सोडली. एकच. दुसरी बॅटरी तशीच जोडलेली राहिली. आयुष्यभर दुसऱ्यांना बजावलेली गोष्ट ते विसरले. प्लसच्या नटावर पान्हा होता आणि अंगठीचं बोट पान्हा न् बॉडी यांच्या मधे सापडलं. ठिणगी उडाली, आणि अंगठी बोटातच लाल झाली. अंकलची ती किंकाळी मला अजून ऐकू येते.

दवाखान्यात डॉक्टरांनी अंगठी कापून काढली. अंकल दुसऱ्या हाताच्या मुठीत तिचे दोन तुकडे घट्ट धरून बसले होते. म्हणाले, "ऑफिस, तुमी बघितलेलं ना?"

"हो अंकल."

"मंग बोलले का न्हाय?"

माझ्या उत्तराची वाट न बघता तेच म्हणाले, "जाव दे. बोलले असते तरी काढून कोनाला देनार होतो?"

त्यानंतर दुकान उघडलं नाही. काही महिन्यांनी मी उत्तनला त्यांच्या घरी गेलो तेव्हा ओटीवर एकटेच बसले होते. माझं मन मला खात होतं. म्हटलं, "ते तुकडे द्या, सोनाराकडून जोडून आणतो." अंकलनी हात पुढे केला. बोटाभोवती भाजल्याचा गुळगुळीत पांढरा वळ उमटला होता, अगदी अंगठीएवढाच रुंद. "कशाला?" ते म्हणाले. "ही हाय ना. ही आता काढाची न्हाय."

वर्षभरात तेही गेले. चर्चमध्ये शवपेटीजवळ मी उभा होतो. छातीवर दुमडलेल्या हातांत जपमाळ होती. शेजारची एक बाई हळहळली, "लग्नाची आंगठी पन न्हाय घातली बिचाऱ्याला."

या खेपेला मी गप्प बसलो नाही. म्हटलं, "आहे, बाई. नीट बघा."