थंड ओव्हनचा आकडा

साबेराच्या हाताची बरकत गेली, हे राजिवडा मोहल्ल्यात सगळ्यांत आधी तिच्या सासूनेच सांगितलं.

अकरा वर्षं साबेरा घरी केक करत होती. बाळाचा अकीका असो, मंगनी असो, कुणी गल्फहून परत आलेलं असो, केक साबेराचा. नवरा अकबर कुवेतला. ओव्हन त्यानेच सामानाबरोबर पाठवलेला. या पावसाळ्यात मात्र केक बसायला लागले. वर पांढरे, आत चिकट. एका मंगनीत सुरी घातली तर साठ माणसांदेखत कच्चं पीठ बाहेर आलं.

दुरुस्तीवाला येऊन गेला. त्याने बटण दाबलं, हीटर लाल झाला, पंखा फिरला. गरम होतोय की, म्हणाला, बाई घाई करत असतील. सासूला एवढंच पुरलं. तिने अकबरला फोन केला, आणि अकबरने ओव्हन बहिणीला, देवरूखच्या कौसरला, द्यायचं ठरवलं. कौसरलाही केकचा शौक होता. जुम्म्याला ती टेम्पो घेऊन येणार होती. साबेराला हे सासूकडून कळलं.

तिने हुज्जत घातली नाही. दोन महिन्यांत तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं. मैदा तीनतीनदा चाळून, अंडी पाण्यात घालून बघून झाली होती.

मंगळवारी सकाळी चहाच्या आधी तिने ओव्हन पुसायला घेतला. हात लागून बटण दाबलं गेलं आणि आतली उष्णता दाखवणारा आकडा उमटला: पंचाहत्तर. रात्रभर बंद असलेला ओव्हन. तिने आत हात घातला. पत्रा गार होता.

ती तिथेच पाटावर बसली. गार असताना जो स्वतःला पंचाहत्तर समजतो, तो एकशे ऐंशी सांगितल्यावर एकशे तीसलाच थांबत असणार. केक शिजणार कसा?

शेजारचे अनसभाई बोटींच्या इंजिनांची वायरिंग करत. त्यांच्याकडून तिने मीटर मागून आणला. उष्णता मोजणारा सेन्सर म्हणजे पेन्सिलीएवढी सळई, मागच्या भिंतीतून आत आलेली. ओव्हनची पिन काढून तिने मागचा पत्रा उघडला. ओव्हन थंड असताना सळईचा विजेला होणारा विरोध अकराशे ओहमच्या आसपास हवा, आणि तो जितका जास्त तितका ओव्हन स्वतःला गरम समजतो, हे तिने मोबाइलवर शोधून ठेवलं होतं. वायरच्या टोकाच्या जोडावर मीटर लावला तर बाराशे नव्वद. मग जोड सोडून नुसत्या सळईच्या तारांवर लावला. अकराशे पाच. सळई चांगली होती, खराबी जोडात होती. पितळी पिनांवर खपली धरली होती, लालसर, आंबूस वासाची, मिठाने चढते तशी.

जूनमध्ये ती आठ दिवस माहेरी गेली होती. परत आली तेव्हा ओव्हनला आंबूस वास होता आणि जाळी घासून ठेवलेली होती. सासूने कौतुकाने घासली असेल, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

तिने खपली खरवडली, पिना घासल्या, जोड पुन्हा बसवला. ओव्हन पुन्हा चालू केला तर पडद्यावर अठ्ठावीस आलं. दुपारी केक केला. तो वर आला, सोनेरी झाला, मधोमध काडी घातली ती कोरडी निघाली. तिने एक तुकडा सासूपुढे ठेवला, काय झालं होतं ते सांगितलं आणि आपण माहेरी असताना ओव्हनमध्ये काय वाळवलं ते विचारलं.

सासूने नाकारलं नाही. "ऊन कुठे होतं गो? मिठाच्या रसातली आमसुलं काय गटारात ओतू? आणि कुवेतला पाठवायची कुणाला होती? तुझ्याच घोवाला ना?"

"मग माझ्या हाताला का बोललात?"

"लोकांना काय, आमसुलांचं सांगू?" सासू केक खात म्हणाली. "चांगला झालाय."

रात्री अकबरचा व्हिडिओ कॉल आला. साबेराने केक दाखवला, जोड दाखवला, मीटरचे दोन्ही आकडे सांगितले. तो मन लावून ऐकत होता. तिला वाटलं, आता म्हणेल, राहू दे ओव्हन.

"बरं झालं, सुधारला," तो म्हणाला. "नाहीतर बिघडलेलीच चीज बहिणीच्या घरी गेली असती. आता लाज नाही जाणार."

"आणि मी?"

"तुला अकरा वर्षं मिळाला की. आता जबान दिलीय मी."

जुम्म्याला टेम्पो आला. कौसरने ओव्हन पुसलेला बघून भाभीला मिठी मारली. बिचारी मनाने वाईट नव्हती. तिला घरातलं काही कुणी सांगितलेलं नव्हतं. तिने मोबाइल पुढे धरला: केकचं सगळं माप सांग, मी रेकॉर्ड करते.

साबेराच्या मनात आलं, सोडा दुप्पट सांगावा. अंडी थंडच फोड म्हणावं.

मग वाटलं, देवरूखला केक बसला तर नाव कुणाचं निघेल? माप कुणी दिलं, म्हणतील. ओव्हन कुणी उघडला होता, म्हणतील.

तिने मैदा सांगितला, साखर, लोणी, अंडी किती वेळ बाहेर ठेवायची, काडी कुठे घालायची, सगळं ग्रॅमभर न चुकता, दोनदा सांगितलं.