सुलटे स्वस्तिक

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे सुरुवातीलाच मान्य करते. शाळेत मुलींकडून निबंध लिहून घेण्यात आयुष्य गेले. स्वतः मात्र साठी उलटल्यावर लेखणी धरीत आहे. या धाडसाबद्दल वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी. घडले त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही, एवढेच माझे निमित्त.

इंदूरच्या कापड मिल एकेक करून बंद पडत होत्या, त्या काळातील ही गोष्ट. माझे यजमान मिलच्या साळखात्यात, म्हणजे जेथे मागांवर कापड विणले जाई तेथे, देखरेखीला होते. मिलला टाळे लागले त्या दिवशी ते घरी आले, चपला जागेवर ठेवल्या आणि त्यांचे बोलणे थांबले. रागाने नव्हे. काही विचारले तर मान हलवीत, इतकेच. डॉक्टरांना दोष सापडेना. वर्ष सरत आले. वर्तमानपत्रांत नव्या उदार धोरणाची, येऊ घातलेल्या परदेशी मालाची वर्णने असत. ती मी मोठ्याने वाचीत असे, केवळ घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून. माझी श्रद्धा उडाली नव्हती. ती थकली होती.

अखेर एका बुधवारी गणपतीला गेले. आमच्याकडे रीत अशी की, मंदिराच्या मागच्या भिंतीवर नवस बोलताना उलटे स्वस्तिक काढावे आणि इच्छा पुरी झाली की येऊन सुलटे. मला एकच मागायचे होते: यांनी पुन्हा बोलावे. शेंदरात बोट बुडवले, डोळे मिटले. उघडून पाहते तो भिंतीवर सुलटे स्वस्तिक. उंबऱ्यावर रोज काढणाऱ्या हाताने आपली सवय सोडली नव्हती.

मी घाईघाईने पुसू लागले, तोच शेजारच्या एका माळवी बाईने माझे मनगट धरले. ती सारे पाहत होती.

"रेन दो, बाईजी. सीधा बन गया तो काम हो गया समझो. अब मांगो मत, लड्डू बांटो."

स्वरात थट्टा होती, पण हाताची पकड थट्टेची नव्हती. वाद घालणे माझ्या स्वभावात नाही. लाडू घेतले आणि चाळीत येऊन वाटू लागले. समोरच्या चाचींनी लाडू हातात धरला, पण तोंडात घालीनात.

"क्यों भाभीजी, मिल खुल गई क्या?"

मिलवाल्यांच्या त्या चाळीत लाडवांचे दुसरे कारण कुणाला सुचणार होते? पटापट दारे उघडली. बातमी माझ्याआधी घरी पोहोचली. वळून पाहते तो हे दारात उभे.

"मिल उघडली?"

खरखरीत, गंज चढल्यासारखा आवाज. माझ्या हातून डबा निसटला. वर्षभर ज्या आवाजासाठी झुरले तो कानी आला होता, आणि त्याला उत्तर म्हणून मला यांची उरलीसुरली आशा मोडायची होती.

"नाही," मी म्हणाले. "नाही उघडली."

ते उंबऱ्यावरच बसले. मीही खाली बसून भिंतीवरची ती चूक सांगितली.

"जन्मभर मुलींच्या चुका काढल्यास," ते म्हणाले, "आणि देवापुढे स्वतःला उलटंसुलटं कळेना?"

हसता हसता त्यांना रडू फुटले. मग ते बोलतच राहिले: मागांविषयी, सोबत्यांविषयी, घरी बसण्याच्या लाजेविषयी. सांडलेले लाडू वेचता वेचता चाची म्हणाल्या, मिल न सही, भैयाजी तो बोले. आणि आपला लाडू त्यांनी खाल्ला.

मिल पुढेही उघडली नाही. यजमान राजवाड्याजवळ एका कापडाच्या दुकानात बसू लागले. हा चमत्कार होता असे मी म्हणणार नाही. तेवढा माझा अधिकार नाही. इतकेच कळते की माझ्या मनाला जे जमत नव्हते ते हाताने केले. देणे देवावर सोपवून हात आधी आभार मानून मोकळा झाला. आपण कधी, काही मिळण्यापूर्वीच, चुकून का होईना, आभार मानले आहेत का?